अपडेटनंतर लॅपटॉपचं वायफाय गेलं? आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे, वर्षानुवर्षं सुरळीत चाललेले कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ वर गेले. अशा मोठ्या बदलानंतर हमखास ऐकू येणारी तक्रार म्हणजे वायफायची. रात्री अपडेट लागलं, सकाळी लॅपटॉप उघडला आणि वायफायचं बटणच दिसेना. एखाद्याला नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही. कुणाचं जोडलं जातं, पण खाली 'नो इंटरनेट' लिहून येतं. आणि कुणाचं सगळं चालतं, फक्त दर दहा मिनिटांनी तुटतं.

या सगळ्याला आपण एकाच दमात 'वायफाय चालत नाही' म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. हे चार वेगळे बिघाड आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बिघडला असेल तर राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही. राऊटरकडून आयपी पत्ता मिळत नसेल तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. लोक मात्र यूट्यूबवर सापडलेले सगळे उपाय एकामागून एक करत सुटतात, शेवटी 'नेटवर्क रीसेट' दाबतात, त्यात जपून ठेवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) मोडतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मग लॅपटॉप दुकानात जातो आणि तिथे 'फॉर्मॅट मारावं लागेल' असं ऐकायला मिळतं. अपडेटनंतरच्या वायफायसाठी फॉर्मॅटची गरज क्वचितच पडते.

लॅपटॉप इंटरनेटपर्यंत कसा पोचतो

लॅपटॉपच्या आत वायफायचं एक छोटं कार्ड असतं. आधी ते कार्ड जागं होऊन विंडोजला दिसावं लागतं. मग ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, त्याच्याशी बोलू लागतो. त्यानंतर कार्ड राऊटरशी ओळख पटवतं: नेटवर्कचं नाव, पासवर्ड, सुरक्षेची पद्धत. आणि सगळ्यात शेवटी राऊटर लॅपटॉपला एक आयपी पत्ता देतो आणि संकेतस्थळांची नावं शोधून देणारा डीएनएस सर्व्हर कुठला ते सांगतो.

अपडेटचा हात सगळ्यात जास्त पोचतो तो ड्रायव्हरपर्यंत. विंडोजची आवृत्ती बदलताना लॅपटॉप कंपनीने बसवलेला ड्रायव्हर कधी बाजूला पडतो आणि त्याच्या जागी विंडोजकडचा सरसकट ड्रायव्हर येतो. कधी विंडोज अपडेट स्वतःहून नवा ड्रायव्हर पाठवतं आणि तो त्या विशिष्ट मॉडेलला मानवत नाही. राऊटरशी ओळख पटवण्याच्या टप्प्यावर अपडेटमुळे सुरक्षेचे नियम कडक होतात, त्याचा फटका घरापेक्षा कॉलेज आणि ऑफिसच्या वायफायला जास्त बसतो. पत्त्याच्या टप्प्यावर मुख्य संशयित म्हणजे जुनं व्हीपीएन आणि अँटिव्हायरस.

आधी एवढं करून बघा

त्याच वायफायवर फोन चालतोय का बघा. चालत नसेल तर दोष राऊटरचा किंवा कनेक्शनचा. लॅपटॉपला हात लावू नका.

मग लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हे नीट लक्षात घ्या. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर चालू असते. तुम्ही शट डाऊन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि लोड झालेले ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि पुढच्या वेळी तीच अवस्था परत उचलली जाते. म्हणजे गोंधळलेला ड्रायव्हर गोंधळलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय काही अपडेट दोन-तीन टप्प्यांत बसतात, तेव्हा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'रीस्टार्ट' मागितलं असेल तर तेही उरकून घ्या.

एअरप्लेन मोड बंद आहे ना, तेही पाहा. अनेक लॅपटॉपवर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली एक फंक्शन की असते. जुन्या मॉडेलवर कडेला सरकवायची कळ असते. अपडेटनंतर त्या कीचा प्रोग्रॅम बिघडून वायफाय बंद अवस्थेत अडकतं, म्हणून ती की एकदोनदा दाबून पाहायला हरकत नाही.

नेट नसताना ड्रायव्हर आणायचा कसा

लोकांचं घोडं इथे अडतं. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा! उपाय हातातच असतो: अँड्रॉइड फोन आणि त्याची डेटा केबल. केबलने फोन लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगचं पान उघडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोजला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अर्ध्या मिनिटात लॅपटॉपला तारेचं इंटरनेट आल्यासारखं दिसतं. बहुतेक अँड्रॉइड फोन त्या वेळी घरच्या वायफायवर असतील तर तेच वायफाय पुढे देतात, त्यामुळे मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचं बटण फिकट दिसत असेल तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची आहे, दुसरी वापरा.

आयफोनचं यूएसबी टेदरिंगही चालतं, पण विंडोजवर त्याला ॲपलचा ड्रायव्हर लागतो आणि तो आधीपासून नसेल तर पुन्हा तीच अडचण. घरात कुणाचा तरी अँड्रॉइड फोन मागून घ्या. मोबाइल डेटावरच काम करायची वेळ आली तर या कनेक्शनच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर विंडोज अपडेट मागच्या मागे दिवसाचा सगळा डेटा संपवून टाकेल. हे काहीच जमत नसेल तर ड्रायव्हरची फाईल फोनच्या ब्राउझरवर उतरवा आणि केबलने लॅपटॉपवर कॉपी करा.

डिव्हाइस मॅनेजर नीट वाचा

विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा, येणाऱ्या यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' ही ओळ उघडा. त्यात वायफाय किंवा वायरलेस असं लिहिलेली ओळ शोधा. इथे तीनपैकी एक चित्र दिसेल.

ओळच नाही. मग 'व्ह्यू' मेन्यूतून 'शो हिडन डिव्हायसेस' करून पाहा. वायफायची ओळ फिकट दिसली किंवा दिसलीच नाही, तर कार्ड विंडोजला सापडलेलं नाही. आता ब्लूटूथ चालतंय का बघा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, पण दोघांचे आतले मार्ग वेगळे असतात. ब्लूटूथ ठीक आणि फक्त वायफाय गायब असेल तर कार्ड जिवंत आहे. दोन्ही एकदम गेले असतील तर कार्ड झोपलंय, सैल झालंय किंवा बायॉसमधून (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममधून) बंद झालंय.

ओळ आहे, पण तिच्यावर पिवळा त्रिकोण. त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की 'डिव्हाइस स्टेटस'च्या चौकटीत एक कोड दिसतो. कोड २२ म्हणजे अडॅप्टर (वायफायचं कार्डच) बंद करून ठेवलाय. राइट क्लिक करून 'इनेबल' करा, काम झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होईना. कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. कोड ५६ जरा वेगळा आहे: विंडोज नेटवर्कची मांडणी करता करता अडकलंय, आणि त्यामागे बऱ्याचदा जुनं व्हीपीएन सॉफ्टवेअर असतं. ते आधी काढून टाका, रीस्टार्ट करा, मग पुढचं.

ओळ आहे आणि त्रिकोणही नाही. मग कार्ड आणि ड्रायव्हर दोघेही निदान वरवर तरी ठीक आहेत. दुखणं पुढच्या टप्प्यांत शोधायचं.

कोड १० किंवा गायब कार्ड: वीज पूर्ण काढा

हा उपाय साधा आहे आणि बाकी कशाच्याही आधी करावा असा आहे. लॅपटॉप बंद असला तरी वायफाय कार्डाला आतून थोडी वीज मिळत राहते. अपडेटच्या वेळी कार्डाच्या आतला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, अर्धवट अवस्थेत अडकला तर नवा ड्रायव्हर त्याला उठवू शकत नाही आणि कोड १० येतो. रीस्टार्टने ती वीज जात नाही, म्हणून रीस्टार्टने हे सुटतही नाही.

शिफ्ट की दाबून ठेवून 'शट डाऊन' वर क्लिक करा; असं केलं की फास्ट स्टार्टअप टळतं आणि लॅपटॉप पुरता बंद होतो. चार्जर काढा. माऊस, पेनड्राइव्ह, एचडीएमआय, सगळं काढा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मध्येच दिवा लागला तरी बोट उचलू नका. काही मॉडेलना मिनिटभरही लागतं. एक-दोन मिनिटं तसंच ठेवा, चार्जर लावा, सुरू करा. कार्ड यात परत आलं तर फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका: कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच.

तरीही कार्ड दिसत नसेल तर बायॉसमध्ये वायरलेस बंद झालंय का पाहा. विंडोज अपडेटसोबत कधी बायॉसचंही अपडेट येतं आणि सेटिंग मूळपदावर जातात. बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की जवळ ठेवा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट झालेली असते आणि बायॉस बदलल्यावर पुढच्या वेळी ४८ आकडी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवर खातं उघडून आधी खात्री करा.

ड्रायव्हर: मागे जा, मग योग्य तो बसवा

अपडेटपूर्वी वायफाय चालत होतं, म्हणजे जुना ड्रायव्हर बरा होता. म्हणून पहिली चाल मागे जाण्याची. वायफायच्या ओळीवर दोनदा क्लिक करून 'ड्रायव्हर' टॅब उघडा. तारीख आणि आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण चालू असेल तर ते वापरा आणि रीस्टार्ट करा.

ते बटण फिकट असेल तर हात टेकू नका, त्याच टॅबमध्ये आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. 'अपडेट ड्रायव्हर' दाबा, 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' निवडा आणि मग खालचं 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. विंडोजने साठवलेल्या ड्रायव्हरांची यादी येते आणि त्यात एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. सध्या बसलेली सोडून दुसरी निवडा. यासाठी नेटही लागत नाही.

यादीत काही नसेल तर लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग घ्या आणि लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून वायरलेस लॅन ड्रायव्हर उतरवा. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी इंटेलचं, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं कार्ड घालते, त्यामुळे पानावर तीन-चार वायफाय ड्रायव्हर दिसतात आणि माणूस बुचकळ्यात पडतो. आपलं कार्ड कुणाचं ते असं ओळखा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ओळीच्या गुणधर्मांत 'डिटेल्स' टॅब, तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. पहिल्या ओळीत व्हीईएन या अक्षरांनंतर चार अंक-अक्षरं असतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी किंवा १७सीबी म्हणजे क्वालकॉम, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. कार्डावर पिवळा त्रिकोण असला, नाव 'नेटवर्क कंट्रोलर' एवढंच दिसत असलं, तरी हे आकडे दिसतात. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. त्यातले बरेचसे नको ते सॉफ्टवेअर गळ्यात मारतात.

'अनइन्स्टॉल डिव्हाइस' वापरायचं तर एक बारकावा आहे. तिथे 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर' अशी एक चौकट येते. तिच्यात खूण न करता पुढे गेलात तर रीस्टार्टनंतर तोच बिघडलेला ड्रायव्हर परत बसतो. खूण केली तर तो काढला जातो आणि विंडोज साठ्यातला दुसरा ड्रायव्हर उचलतं; साठ्यात दुसरा नसेल तर कार्डाला ड्रायव्हरच उरत नाही. म्हणून खूण करण्याआधी नवी फाईल उतरवून हाताशी ठेवा.

जुन्या ड्रायव्हरने काम झालं की काही दिवसांनी विंडोज तोच नवा ड्रायव्हर पुन्हा पाठवेल. ते थांबवायला सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर अपडेट काही आठवडे 'पॉज' करा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत सवलत मिळते आणि तोवर ड्रायव्हरची दुरुस्त आवृत्ती येण्याची शक्यता बरी असते. सुरक्षेचे अपडेट कायमचे बंद ठेवणं मात्र चुकीचं.

फार जुन्या लॅपटॉपवर आणखी एक कारण असतं. विंडोज सिक्युरिटीच्या 'डिव्हाइस सिक्युरिटी' पानावर 'कोअर आयसोलेशन'मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल तर जुने, नियमांत न बसणारे ड्रायव्हर लोडच होत नाहीत. तिथे अडवलेल्या ड्रायव्हरांची यादी पाहता येते. त्यात वायफायचा ड्रायव्हर दिसला तर आधी नवी आवृत्ती शोधा. संरक्षण बंद करणं ही शेवटची वाट.

नेटवर्क दिसत नाही, किंवा दिसतं पण जोडत नाही

शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात, फक्त आपलंच नाही, असं असेल तर चॅनेलकडे, म्हणजे राऊटर ज्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतो त्याकडे, बघा. २.४ गिगाहर्ट्झवर भारतात १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेसाठी ठरवलेल्या ड्रायव्हरला १२ आणि १३ दिसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा भारतात २०१८ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्याआधीच्या नियमांवर चालणारे जुने ड्रायव्हर त्यातले काही चॅनेल टाळतात. राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि ५ साठी ३६ ते ४८ मधला चॅनेल ठरवून द्या. इंटेलच्या ७२६०, ७२६५, ३१६५ अशा कार्डांचे जुने ड्रायव्हर तर वायफाय ६ च्या राऊटरचं नेटवर्क दाखवतच नाहीत. घरी नवा फायबर राऊटर आणि लॅपटॉप जुना, अशी जोडी असेल तर राऊटरवर 'एएक्स' (म्हणजे वायफाय ६) मोड बंद करून पाहा. नेटवर्क दिसू लागलं तर ड्रायव्हर जुना आहे हे सिद्ध झालं.

नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क'. त्या नेटवर्कला 'फरगेट' करून पुन्हा जोडा. जुन्या प्रोफाइलमध्ये सुरक्षेची जुनी पद्धत साठवलेली असते. तरी नाही झालं तर राऊटरवर सुरक्षेच्या पद्धतीत डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र मोड आहे का पाहा. काही जुन्या कार्डांना मिश्र मोड झेपत नाही. तपासापुरतं डब्ल्यूपीए२-एईएस ठेवा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या पद्धती मात्र कधीच नको: सुरक्षा पोकळ, आणि वायफायचा वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

घरी चालतं, कॉलेजात किंवा ऑफिसात नाही, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. तिथे सगळ्यांना एक पासवर्ड नसतो. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड किंवा डिजिटल प्रमाणपत्र तपासणारा सर्व्हर असतो. या पद्धतीला ८०२.१एक्स म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या २२एच२ आणि २३एच२ आवृत्त्यांच्या अपडेटनंतर नेमकी अशीच नेटवर्कं अनेकांना जोडेनाशी झाली. घरच्या वायफायला त्याचा त्रास सहसा नव्हता. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली आणि तो बदल दुरूनच मागे घेतला. लॅपटॉप दुसऱ्या कुठल्या तरी नेटला जोडून रीस्टार्ट केला की दुरुस्ती लागू होत होती. त्या दिवसांत कितीही ड्रायव्हर बदलले असते तरी उपयोग नव्हता. म्हणून एकाच दिवशी अनेकांचं वायफाय गेलं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपची चिरफाड करण्याआधी आयटी विभागाला विचारा आणि मायक्रोसॉफ्टच्या 'रिलीज हेल्थ' पानावर त्या आवृत्तीचे ज्ञात दोष वाचा.

विंडोजच्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत २२एच२ पासून 'क्रेडेन्शियल गार्ड' (साइन-इनचे पासवर्ड जपणारं संरक्षण) आपोआप चालू होतं. त्यामुळे विंडोजचं साइन-इन वापरून, न विचारता जोडणारं जुन्या पद्धतीचं वायफाय दर वेळी नाव-पासवर्ड मागू लागतं. हा बिघाड नाही, सुरक्षेचा निर्णय आहे. त्यावरचा खरा उपाय संस्थेने प्रमाणपत्राची पद्धत आणणं हाच. आणि काहीही झालं तरी 'सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासू नका' असा सल्ला मानू नका, कारण त्याच नावाचं बनावट नेटवर्क उभं करून कुणीही तुमचा पासवर्ड उचलू शकतो.

जोडलंय, पण इंटरनेट नाही

स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करून एंटर दाबा. वायरलेस लॅन अडॅप्टरखाली आयपीव्ही४ पत्ता पाहा. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून काहीच आलं नाही आणि विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतलाय. अशा वेळी सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या गुणधर्मांत 'आयपी असाइनमेंट' ऑटोमॅटिक आहे ना ते बघा, राऊटर बंद-चालू करा, आणि तरी तेच असेल तर बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन तात्पुरतं पूर्ण काढून टाका. नुसतं 'डिसेबल' पुरत नाही. हे प्रोग्रॅम नेटवर्कच्या मार्गात स्वतःची एक चाळणी बसवतात आणि अपडेटनंतर ती चाळणीच तुटकी राहते. काढल्यावर विंडोजचं स्वतःचं डिफेंडर आपोआप चालू होतं, त्यामुळे मधल्या काळात लॅपटॉप उघडा पडत नाही.

पत्ता ठीक आहे, मग त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ८.८.८.८' इंग्रजीत टाइप करून पाहा. उत्तर येतंय पण संकेतस्थळं उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा: त्याच गुणधर्मांच्या पानावर डीएनएस मॅन्युअल करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' चालू राहिलाय का तेही बघा. आणि घड्याळ! तारीख चुकली असेल तर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि नेट असूनही एकही पान उघडत नाही.

तुटतं किंवा फार मंद चालतं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही टॅब नसतेच. 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' असेल तर ५ गिगाहर्ट्झला पसंती द्या. अपडेटनंतर ही सेटिंग मूळपदावर जातात आणि लॅपटॉप गर्दीच्या २.४ वर जाऊन बसतो. ज्या इमारतींत वीस-पंचवीस राऊटर एकमेकांवर ओरडत असतात तिथे हा फरक फार जाणवतो.

कधी आणि का तुटतं ते विंडोज स्वतः लिहून ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक जागा सोडून द्या. मागच्या तीन दिवसांचा अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडा. प्रत्येक वेळी तुटण्याचं कारण वेळेसकट दिसतं. झोपेतून उठल्यावरच तुटत असेल तर विजेची सेटिंग, आणि 'ड्रायव्हर डिस्कनेक्टेड' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ड्रायव्हर.

लिनक्स आणि मॅक

उबुंटू किंवा मिंटवर अपडेटमध्ये नवा कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो. ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक कार्डांचे ड्रायव्हर कर्नेलबाहेरचे असतात आणि प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ते पुन्हा बांधावे लागतात. ते बांधणं फसलं की वायफाय गेलं. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रब मेन्यू (सुरू होतानाची निवड-यादी) आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नेल निवडा. वायफाय लगेच परत आलं तर निदान पक्कं. मग 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' (मिंटवर 'ड्रायव्हर मॅनेजर') मधून ड्रायव्हर पुन्हा बसवा. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' मध्ये तो द्यावा लागतो. घाईत तो पडदा ओलांडला तर ड्रायव्हर बसूनही लोड होत नाही.

मॅकवर ड्रायव्हरचा प्रश्न सहसा येत नाही. तिथे २०२४ च्या सिकोया या मॅकओएस आवृत्तीपासून मॅक प्रत्येक नेटवर्कला वेगळा, खासगी एमएसी पत्ता (वायफाय कार्डाचा ओळख क्रमांक) दाखवू शकतो. हॉस्टेल किंवा ऑफिसात उपकरणांचे पत्ते नोंदवून प्रवेश देत असतील तर अपडेटनंतर तुमचा मॅक अनोळखी ठरतो. वायफाय सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा.

मागे फिरणं आणि रीसेट

इथवर काही चाललं नाही तर अपडेटच मागे घ्या. महिन्याचं नेहमीचं अपडेट असेल तर विंडोज अपडेटमधल्या 'अपडेट हिस्ट्री'त तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर 'सिस्टम'मधल्या 'रिकव्हरी'त 'गो बॅक' मिळतं, पण फक्त पहिले १० दिवस. जागा मोकळी करताना 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' पुसलं तर ती सोय तेव्हाच जाते. म्हणून मोठ्या अपडेटनंतर वायफाय बिघडलं असेल तर 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणू नका.

'नेटवर्क रीसेट' हे 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'च्या तळाशी आहे. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवतं आणि पासवर्ड, व्हीपीएन, हाताने भरलेले पत्ते पुसतं. आधी वायफायच्या गुणधर्मांत 'व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की' मधून पासवर्ड लिहून घ्या.

कार्डच गेलं असं ठरलं तर हजार रुपयांच्या आत मिळणारा यूएसबी वायफाय डोंगल काम भागवतो. आतलं कार्ड बदलायचं तर बहुतेक लॅपटॉपमध्ये एम.२ २२३० मापाचं लागतं. इंटेल एएक्स२०१ आणि एएक्स२११ फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर चालतात. एएमडी प्रोसेसर असेल तर एएक्स२१० घ्या. पातळ मॉडेलमध्ये कार्ड बोर्डावरच डाग दिलेलं असतं, ते बदलता येत नाही. ऑर्डर देण्याआधी मागचं झाकण उघडून किंवा सर्व्हिस मॅन्युअल पाहून खात्री करा.

आणि सध्या वायफाय ठीक चालत असेल तर आत्ताच दोन गोष्टी करून ठेवा: 'ड्रायव्हर' टॅबवरची आवृत्ती आणि तारीख यांचा फोनने फोटो काढा, आणि लॅपटॉप कंपनीच्या पानावरून तोच वायफाय ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर टाका.